‘साहेब नाही आले?’ ईसीएचएसमध्ये माजी महिला सैनिकांनी या चुका टाळा

ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात (पॉलिक्लिनिकमध्ये) खिडकीवरच्या माणसाने माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "साहेब नाही आले?" म्हटलं, "साहेब मीच." तो हसला, मीही हसले. पण फॉर्मवर ‘नातं : पत्नी’ लिहून झालं होतं. ते तिथेच खोडायला लावलं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त होऊन मी सिंधुदुर्गातल्या गावी परतले, तेव्हापासून हा प्रसंग किती वेळा घडला याची मोजदाद सोडून दिली आहे. तर पहिली चूक म्हणजे हसण्यावारी नेणं. कार्ड तुमच्या नोकरीवर मिळालेलं आहे, मुख्य सभासद तुम्ही आहात. चुकीची नोंद एकदा कागदावर गेली की पुढे बिलापर्यंत छळते.

सगळ्यात जास्त बायका अडकतात त्या नावात. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवरा येतो. काही घरांत अजूनही तांदळात नवं नाव लिहितात, म्हणजे तिन्ही शब्द गेले! पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. कार्डाचा ऑनलाइन अर्ज मग परत येतो. नोकरीत असतानाच लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरने (सेवेच्या कागदांत बदल नोंदवणाऱ्या आदेशाने) करून घेतली असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र घेऊन आपले सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाला लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाचा मसुदा दाखवून घेतलेला बरा. आधी कुठलं नाव कायम ठेवायचं ते ठरवा. थोडं इकडे, थोडं तिकडे बदललंत तर गुंता वाढतो.

"आम्हाला पेन्शन नाही, म्हणजे ईसीएचएस नाही," असं शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक वर्षांचीच अधिकाऱ्याची नोकरी) केलेल्या मुली सरळ धरून चालतात. डॉक्टर-नर्सच्या शाखा सोडून इतरत्र 1992 पासून मुली अधिकारी म्हणून लष्करात जाऊ लागल्या. त्यातल्या कितीतरी जणी पेन्शनची वर्षं भरायच्या आत बाहेर पडल्या. योजना 2003 ची, पण शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना तिचं दार 2019 मध्ये उघडलं. एकरकमी वर्गणी भरावी लागते. एप्रिल 2003 च्या आधी निवृत्त झालेल्या सिस्टर्सनी वेगळीच गोष्ट तपासावी: पेन्शनबरोबर दरमहा 1000 रुपये वैद्यकीय भत्ता येतोय का? भत्ता आणि ईसीएचएस दोन्ही मिळत नाही.

आता तपासण्यांचं. छातीत गाठ लागली, अंगावरून जास्त जातंय, की आपलं ठरलेलं उत्तर असतं: गणपती होऊन जाऊ देत. मी स्वतः नर्स, तरी हेच केलं होतं. छोट्या पॉलिक्लिनिकात स्त्रीरोगतज्ज्ञ बसत नाहीत, म्हणून काहीजणी परस्पर गोव्यात किंवा कोल्हापूरला खासगीत जातात आणि रेफरल (पुढच्या डॉक्टरांकडे पाठवण्याची चिठ्ठी) नंतर मागतात. तातडीचं नसेल तर नंतर काही होत नाही. आधी पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांकडून रेफरल घ्या. तज्ज्ञाला दाखवणं, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी त्याच कागदावर मागा, नाहीतर प्रत्येक वेळी एसटीची वारी. हॉस्पिटल पॅनेलवर (योजनेच्या यादीत) आहे एवढं ऐकून निघू नका. ते कुठल्या आजारासाठी पॅनेलवर आहे ते विचारा. डोळ्यांसाठी असलेलं गर्भाशयाच्या कामाचं नाही. सैन्याच्या इस्पितळात जायचं तर मुंबईचं अश्विनी डोळ्यासमोर येतं, पण सावंतवाडीकरणीला आंबोली घाट चढून बेळगाव किंवा खाली वास्कोचं नौदलाचं जीवंती जवळ पडतं.

तातडीच्या वेळी मात्र यातलं काहीही शोधत बसू नका. काजूच्या बागेत फुरसं चावलं तर कार्ड नको, पॅनेल नको, थेट जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. सापावरचं इंजेक्शन तिथे असतं. पॅनेलबाहेरच्या खासगी हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं, तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. तिथे पैसे आधी तुम्हीच भरायचे, परत मिळतात ते सरकारी दराने, बिलाएवढे नाही. कळवलं होतं याचा पुरावा मागतात, तेव्हा फोनवर थांबू नका, ईमेल किंवा मेसेजही टाका. फोन कुणी उचलला आणि किती वाजता, ते घरच्यांना एका कागदावर लिहून ठेवायला सांगा.