डेबिट कार्डाचं मशीन घेतलंय? मग या चुका टाळा

अमळनेरला आमचं कापडाचं दुकान आहे. साड्या, शालू, आणि लगीनसराईत बस्ता. बस्त्याला दोन्हीकडची मिळून पंधरा-वीस माणसं येतात, चहाच्या तीन फेऱ्या होतात आणि बिल चाळीस हजार, साठ हजार, कधी लाखाच्याही वर जातं. एवढी रोकड आता कोणी धोतराच्या सोग्यात बांधून आणत नाही. मोबाइलनं स्कॅन करून कपड्याचं बिल द्यायचं तर साधारण १ लाखाच्या पुढं गाडी अडते. आणि पैसे देणारे आबा साठी ओलांडलेले, फोन बटणांचा, पण पाकिटात कार्ड असतं. तिथं मशीन कामाला येतं. तरी आमच्या पेठेत कितीतरी दुकानांत ते गल्ल्याखाली धूळ खात पडलेलं दिसतं. का, तर पुढच्या चुका. यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात.

“दोन टक्के कापतात” असं धरून चालणं

दोन टक्क्यांच्या आसपासची गोष्ट क्रेडिट कार्डाची. डेबिट कार्डाला रिझर्व्ह बँकेनं कमाल मर्यादा घालून दिली आहे, १ जानेवारी २०१८ पासून. आदल्या आर्थिक वर्षात तुमची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवरच्या व्यवहारावर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. उलाढाल त्याहून मोठी असेल तर ०.९० टक्के, आणि वरची मर्यादा १,००० रुपये. त्या कापलेल्या रकमेवर जीएसटी वेगळा. रुपे डेबिट कार्डावर तर १ जानेवारी २०२० पासून हे शुल्क शून्य आहे. जनधन खात्यांची कार्डं रुपेचीच, म्हणजे खेड्यावरून आलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात बहुधा तेच असतं.

आता गंमत बघा. माझी उलाढाल २० लाखांच्या आतली, आणि मला वर्षभर ०.९० टक्के लागत होते. मशीन घेताना उलाढालीचा रकाना मी कोरा सोडला होता, बँकेनं मला मोठ्या व्यापाऱ्यात टाकलं. ३०,००० च्या बिलावर १२० ऐवजी २७० रुपये. अर्ज देऊन बदलून घेतलं. आधीचे गेले ते गेले. तुमच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये हा दर लिहिलेला असतो, आजच बघा.

दुसरी गफलत मोठं बिल तोडण्याची. ६०,००० रुपये एकदम घेतले तर लहान दुकानदाराला २०० रुपयांतच भागतं, कारण ५०,००० ला मर्यादा गाठली जाते. तेच ३०-३० हजार दोनदा घेतले की १२० आणि १२०, झाले २४०. मोठ्या उलाढालीच्या सराफाचं नुकसान याहून जास्त: दोन लाखांचं बिल एकदम घेतलं तर १,०००, लाख-लाख करून घेतलं तर १,८००. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, हेही ध्यानात असू द्या.

“कार्डानं देत असाल तर वरून इतके लागतील”

डेबिट कार्डाचं शुल्क गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही. तशी अट रिझर्व्ह बँकेनं बँकांमार्फत घातली आहे, आणि कोणी तक्रार केली तर मशीन काढूनही नेऊ शकतात. रुपे कार्डावर काहीच कापलं जात नसताना वरून पैसे मागणं म्हणजे तर सरळ लबाडी.

स्लिप आली नाही म्हणून लगेच दुसऱ्यांदा कार्ड लावणं

दोन उन्हाळ्यांपूर्वीचा प्रसंग. पारोळ्याकडचा बस्ता, बिल ३८,४००. बाहेर टेम्पो उभा, माणसं घाईला आलेली. आबांनी पिन टाकला, मशीन गोल गोल फिरत राहिलं आणि अडकलं. मी बंद करून चालू केलं, पुन्हा कार्ड लावलं, स्लिप आली, मंडळी गेली. तासाभरानं फोन: “भाऊ, दोनदा कटनात. मन्हा पैसा कथा ग्यात?” माझ्याकडे एकच व्यवहार दिसत होता. आबांना वाटलं दुकानदारानं लुबाडलं. लग्नघर, त्यात जोडून आणलेले पैसे. त्यांचा आवाज अजून आठवतो.

पैसे पाचव्या दिवशी आपोआप परत आले, कारण नियमच तसा आहे. खात्यातून रक्कम गेली आणि दुकानात स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराचा दिवस सोडून ५ दिवसांच्या आत बँकेनं ती उलटवायची. त्यापुढं उशीर झाला तर गिऱ्हाइकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम मला तेव्हा माहीत असता तर आबांना एका वाक्यात धीर देता आला असता. आता मशीनशेजारी कागदावर लिहून चिकटवलाय.

अडकलं तर काय करायचं? आधी मशीनमध्ये शेवटच्या व्यवहाराची प्रत काढायची सोय असते, ती बघा. तिथं व्यवहार मंजूर दिसला तर काम झालं, तीच स्लिप द्या. नसेल तर गिऱ्हाइकाला खातं तपासायला सांगा. पैसे गेले असतील तर दुसऱ्यांदा कार्ड लावायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या. तक्रार त्यानं त्याच्या बँकेत करायची असते, तुमच्या नाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आणि याच्या उलटही चूक होते: मोबाइलवरचा “पैसे गेले” असा मेसेज बघून माल सोडणं. मंजुरीची स्लिप हातात आली तरच पैसे आले.

कार्ड चालत नाही म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणं

टॅप, म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं, होत नसेल तर कार्ड खराब आहे असं नाही. नव्या कार्डावर टॅपची आणि ऑनलाइनची सोय मुळात बंदच असते, ती गिऱ्हाइकानं बँकेतून सुरू करायची असते. चिपच्या बाजूनं आत सारा, पिन मागेल, काम होईल. टॅपलाही ५,००० च्या वर पिन लागतोच. मोठ्या रकमेला नकार आला तर बहुतेक वेळा कार्डाची दिवसाची मर्यादा आड येते. बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा फोन करून ती तिथल्या तिथं वाढवता येते.

पिनबद्दल एक सांगायलाच हवं. आमच्याकडं माणूस भरल्या दुकानात मोठ्यानं सांगतो, “टाक भाऊ, पंचेचाळीस बारा!” विश्वास आहे, पण ऐकणारे वीस जण असतात. मशीन त्यांच्या हातात द्या, तोंड फिरवा. कार्डाचा फोटो घेणं, नंबर वहीत उतरवणं, कार्ड घेऊन आतल्या खोलीत जाणं, हे तर कधीच नाही.

कृषी सेवा केंद्रवाल्या मित्रांचा वेगळाच घोळ. त्यांच्याकडं खतासाठीचं अंगठ्याचं मशीन असतं, त्यामुळं शेतकरी त्यातच कार्ड घालायला जातात. ते अनुदानाच्या हिशोबाचं, पैसे घेणारं मशीन वेगळं. मात्र पीककर्जाच्या खात्यावरचं रुपे किसान कार्ड पैसे घेणाऱ्या मशीनवर चालतं. जूनमध्ये बियाणं-खताची उधारी डोक्यावर घेण्यापेक्षा ते बरं. फक्त कितीतरी जणांनी त्याचा पिनच केलेला नसतो. पेरणीच्या आधी, मे महिन्यातच तसं सांगून ठेवा.

रात्री बॅच बंद न करणं, आणि वहीत चुकीचा आकडा लिहिणं

काही मशीनवर दिवसाचा हिशोब, म्हणजे बॅच, आपोआप बंद होतो, काहींवर बटण दाबावं लागतं. माझ्या चुलतभावानं आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) तीन दिवस बॅच बंदच केली नाही आणि खात्यात पैसे आले नाहीत म्हणून बँकेत भांडायला गेला. रात्री गल्ला मोजता तेव्हाच बॅच बंद करा, बेरजेची स्लिप काढा, सकाळी खात्याशी जुळवा. चुकीची रक्कम पडली असेल तर ती बॅच बंद होण्याआधी रद्द करता येते. एकदा बंद झाली की परतावा करावा लागतो आणि गिऱ्हाईक चार-पाच दिवस तुम्हाला फोन करत बसतं.

खात्यात जमा होते ती कापून उरलेली रक्कम. ३०,००० च्या विक्रीवर १२० शुल्क, २१ रुपये ६० पैसे जीएसटी, जमा २९,८५८ रुपये ४० पैसे. वहीत विक्री ३०,००० च लिहायची, कापलेले खर्चात. बरेच जण जमा रक्कमच विक्री म्हणून लिहितात आणि वर्षअखेरीला जीएसटीचा मेळ बसत नाही.

लहान व्यापाऱ्यांसाठी आयकरातल्या अंदाजित नफ्याच्या पद्धतीत रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरतात, बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६. १८ लाखांच्या विक्रीवर १,४४,००० आणि १,०८,०००, इतका फरक. शिवाय कर्ज मागायला गेलं की बँक खात्यातली उलाढाल बघते, गल्ल्यातली नाही.

बारीकसारीक

मशीनचं भाडं सीझन नसतानाही चालू असतं. घेतानाच विचारा: दरमहा किती, त्यावर जीएसटी किती, ठरावीक व्यवहार झाले नाहीत तर दंड आहे का. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते तेव्हा आमच्याकडं नेटवर्क कोलमडतं, म्हणून दोन सिमचं किंवा दुकानाच्या वायफायवर चालणारं मशीन घ्या. आणि मे महिन्याच्या उन्हात स्कूटरच्या डिक्कीत राहिलेला कागदाचा रोल काळा पडतो, जुन्या स्लिपा पांढऱ्या होतात. गिऱ्हाइकानं नंतर व्यवहार नाकारला तर बँक तुमच्याकडं स्लिपच मागणार. रोज रात्री त्यांचा फोटो काढून ठेवा. आमच्याकडं ते काम धाकट्या मुलीकडं आहे, आणि ती त्याचे दिवसाला पाच रुपये घेते.