इंजिन ऑइल निवडताना या चुका टाळा: ऊन आहे म्हणून घट्ट ऑइल नको

एप्रिलमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर गेला की ऑइलच्या दुकानात एक सल्ला हमखास मिळतो: "आपल्याकडचं ऊन बघता जरा घट्टच टाका." कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या गाड्यांना २०डब्ल्यू-४० चालायचं, तिथून ही सवय आली. आताच्या गाडीला ती महागात पडते.

डब्यावर ५डब्ल्यू-३० असा ग्रेड लिहिलेला असतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, साधारण ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, बाहेर ४४ असो की १२. त्यामुळे मे महिन्यातल्या उन्हाची धास्ती घेऊन ग्रेड बदलायचं कारण नाही. नव्या इंजिनात बेअरिंगच्या फटी बारीक, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर चालणारी. तिथे ०डब्ल्यू-२० च्या जागी २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळी स्टार्ट करताना वरच्या भागात ऑइल उशिरा पोचतं, टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) वाजतात, ॲव्हरेजही उतरतं. मॅन्युअलमध्ये दोन ग्रेड दिले असतील आणि तुम्ही भर उन्हात भरलेली गाडी हायवेवर पळवत असाल, तर त्या दोनांतला घट्ट घ्या. मॅन्युअलच्या बाहेर मात्र जाऊ नका.

ट्रॅक्टरच्या डब्यातलं ऑइल कारमध्ये

ही खास आपल्या भागातली चूक. घरी ट्रॅक्टरसाठी १५डब्ल्यू-४० चा मोठा डबा उघडलेला असतो, कारच्या पातळी मोजायच्या पट्टीवर (डिपस्टिक) ऑइल खाली दिसतं, मग त्यातलंच लिटरभर ओतलं जातं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धूर-प्रदूषणाचा सरकारी निकष) डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्याला कमी राख सोडणारं ऑइल लागतं; मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा एसीईए (युरोपातल्या गाडी उत्पादकांची संघटना) सी२ किंवा सी३ असा दर्जा लिहिलेला असतो. ट्रॅक्टरच्या साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साचते आणि ती जळून जात नाही. फिल्टर बदलायचा खर्च ऐकला की वाचवलेलं लिटरभर ऑइल आठवतं.

पेट्रोल गाडीला एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) 'एस'ने सुरू होणारा दर्जा बघा: एसएन, किंवा २०२० मध्ये आलेला एसपी. एपीआयचा 'सी'ने सुरू होणारा दर्जा डिझेलचा; एसीईएचा सी२, सी३ वेगळा.

ब्रँडवरून गावोगावी वाद चालतात. माझ्या मते ग्रेड आणि दर्जा जुळला की कॅस्ट्रॉल, सर्वो, मोबिल, शेल, कुठलंही घ्या. घाई सील तपासण्यात करू नका: झाकणाची रिंग अखंड, बॅच नंबर न खोडलेला, डब्यावर तारीख स्पष्ट. रिकामा डबा गॅरेजवर तसाच सोडू नका, भोक पाडून द्या; तोच पुन्हा भरून विकला जातो. सुटं ऑइल स्वस्त मिळालं तरी नको.

लक्षणं ओळखा

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही. डिझेलमध्ये ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बदलायचं ते किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल त्यावर, आणि सोबत ऑइल फिल्टरही.

पट्टी बघताना गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पुसून पुन्हा घाला. खुणा ओलांडून भरलं तर क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. बीएस-६ डिझेलमध्ये न भरताच पातळी वाढली आणि पट्टीला डिझेलचा वास आला, तर गावातल्या गावात छोट्या फेऱ्या करून डीपीएफची सफाई अर्धवट राहते आहे, मिस्त्रीला दाखवा. झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर कूलंटची टाकी बघा. तिथेही पातळी घटत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) संशय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि त्यावर घट्ट ऑइल हा इलाज नाही, फक्त धूर काही दिवस झाकला जातो.

चालत्या गाडीत लाल किटलीचा दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत रेटू नका. कडेला घ्या, इंजिन बंद करा, पट्टी बघा. पातळी ठीक असूनही दिवा लागत असेल तर पुन्हा स्टार्ट न करता टोइंग बोलवा.