ब्लूज हार्मोनिका शिकताना: ओढलेल्या दुसऱ्या स्वरापासून सुरुवात

ब्लूज वाजवायचा असेल तर दहा भोकांची डायटॉनिक (एकाच कीच्या, म्हणजे पट्टीच्या स्वरांची) हार्मोनिका घ्या. ट्रेमोलो हा दुसरा प्रकार दिसायला भरदार असतो, पण त्याच्यावर ब्लूजचे बेंड (स्वर वाकवून खाली आणणं) निघत नाहीत. डायटॉनिकच्या प्रत्येक भोकात दोन रीड (कंप पावणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) असतात, एक फुंकल्यावर वाजणारी आणि एक ओढल्यावर, म्हणजे श्वास आत घेतल्यावर, वाजणारी. बेंड करताना त्या दोघी मिळून काम करतात, त्यामुळे स्वर कुठवर खाली येईल हे प्रत्येक भोकात ठरलेलं असतं. सी कीच्या हार्मोनिकात तिसरं भोक फुंकलं की जी आणि ओढलं की बी. मधले तिन्ही स्वर बेंडने मिळतात. पाचव्यात ई आणि एफ शेजारी-शेजारी, त्यामुळे तिथे जेमतेम हलण्याइतकीच जागा.

ब्लूजमध्ये सी कीच्या हार्मोनिकावर बहुतेक वेळा सीचा सा धरत नाहीत. दुसरं भोक ओढल्यावर येणारा जी हाच सा. याला सेकंड पोझिशन म्हणतात. असं केल्याने सा, शुद्ध ग आणि प ओढीवर येतात, आणि खालच्या भोकांत बेंडही ओढीवरच असल्यामुळे ऐन महत्त्वाचे स्वर वाकवता येतात.

आणि नेमका हा सा नवशिक्याला दगा देतो. दुसरं भोक ओढलं की स्वर घुसमटतो, बेसूर येतो किंवा येतच नाही. वाद्य खराब निघालं असं वाटून लोक दुसरं आणतात, त्यातही तेच होतं. खरं कारण असं की जबडा आणि जीभ आवळलेली असते आणि नकळत अर्धवट बेंड होत असतो. तपासायला सोपी युक्ती आहे. तिसरं भोक फुंका, तोही जीच आहे. मग दुसरं ओढा. दोन्ही स्वर तंतोतंत जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर १-२-३ ही भोकं एकत्र, अगदी हलक्या श्वासाने ओढा. जांभई देताना होतो तसा घसा मोकळा ठेवा आणि श्वास तसाच चालू ठेवून ओठ हळूहळू फक्त दुसऱ्या भोकाभोवती आणा. वाद्य ओठांच्या टोकावर टेकवू नका, चांगलं आत घ्या. मी आजही रियाज इथूनच सुरू करतो. माझ्या मते हा एक स्वर स्वच्छ झाल्याशिवाय पुढे सरकण्यात अर्थ नाही.

बेंडची सुरुवात चौथ्या भोकाच्या ओढीवर करा. आधी वाद्य बाजूला ठेवून श्वास आत घेत शीळ वाजवा आणि तिचा सूर खाली उतरवा. जीभ कशी मागे सरकते ते बघा. तीच हालचाल हार्मोनिकावर करायची. तोंडात ‘ई’चा आकार ठेवून ओढायला लागा आणि ‘ऊ’कडे जा. जोर वाढवून बेंड निघत नाही, उलट रीड लवकर बिघडते. चौथ्यानंतर पहिलं आणि सहावं घ्या, मग दुसरं, शेवटी तिसरं. तिसऱ्यात तीन वेगवेगळे बेंड असल्याने नेमक्या जागी थांबणं फार कठीण. ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) समोर ठेवाच.

ब्लूज स्केल आपल्या स्वरांत सांगायचं तर सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नि, सा. वाजवायचं असं: २ ओढ, ३ ओढ अर्धा स्वर बेंड, ४ फुंक, ४ ओढ बेंड, ४ ओढ, ५ ओढ, ६ फुंक. पण ब्लूजचा खरा गंधार बऱ्याचदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो. ज्याने गाणं कान देऊन ऐकलंय त्याला ही श्रुतींची जागा लगेच कळेल. तिथे ट्यूनर बंद करा आणि शिकागोचा हार्मोनिकावादक लिटल वॉल्टर ऐका. १९५२ च्या ‘ज्यूक’ या त्याच्या रेकॉर्डमध्ये अँप्लिफायरमधून आलेला त्याचा आवाज असा आहे की हे एवढंसं वाद्य आहे यावर विश्वास बसत नाही.

या पद्धतीत ओढ जास्त, त्यामुळे छाती भरत जाते आणि दम कोंडतो. ओळींच्या मधल्या जागेत नाकाने श्वास सोडायची सवय पहिल्यापासून लावा. एकेरी स्वर ओठांच्या चंबूने जमला की जिभेने बाजूची भोकं झाकून वाजवायलाही शिका. जुन्या शिकागो वादकांचा भरीव आवाज त्यातूनच येतो.

मग बारा मात्रांच्या नव्हे, बारा बारच्या (बार म्हणजे चार मात्रांचा एक गट) ठेक्याबरोबर बसा. साथीचे कॉर्ड या स्वरांवर बदलतात: चार बार सा, दोन म, दोन सा, मग एक प, एक म आणि दोन सा. दोन बार वाजवा, दोन बार गप्प राहा. साथीला गिटारवाला असेल तर आधी त्याची की विचारा आणि त्याच्या ‘सा’पासून जो म येतो, त्या कीची हार्मोनिका उचला: जीला सी, एला डी, ईला ए.