साखर असलेल्या आजी-आजोबांचं ताट: किती वाढायचं, कधी वाढायचं

घरात कुणाला साखर निघाली की आधी भात बंद होतो, मग बटाटा, मग केळं. पंचाहत्तरीच्या माणसाचं असं एकेक बंद करत गेलं की त्याचं वजन उतरतं, पाय लटपटतात आणि गोळी मात्र चालूच राहते. त्या वयात साखर वाढण्याइतकीच ती एकदम खाली जाण्याचीही धास्ती असते. म्हणून आधी वेळ ठरवा, मग माप, आणि पदार्थ सगळ्यात शेवटी.

मापासाठी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा एकदाच काढा. ३० ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात साधारण २० ते २२ ग्रॅम कर्बोदकं असतात. १५० मिलीच्या सपाट वाटीभर भातात सुमारे ३०. घरची ज्वारीची भाकरी सहसा ६० ग्रॅम पिठाची होते, म्हणजे ती दोन फुलक्यांच्या बरोबरीची. ‘भाकरीने साखर वाढत नाही’ म्हणून दोन भाकऱ्या वाढल्या की गणित तिथेच फसतं. दोन्ही जेवणांना प्रत्येकी ४० ते ५० ग्रॅम कर्बोदकं धरून सुरुवात करा. म्हणजे एक भाकरी, किंवा दोन फुलके, किंवा एक फुलका आणि पाऊण वाटी भात. पुढची कमी-जास्त डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील तशी.

जे कमी केलं त्याच्या जागी प्रथिनं यायला हवीत, आणि नेमकं तेच राहून जातं. मूत्रपिंड ठीक असेल तर म्हातारपणी वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या आजींना दिवसाला किमान ५५. (क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं असेल तर हे माप बदलतं, आधी डॉक्टरांना विचारा.) पातळ वरणाच्या एका पळीने ती भरत नाहीत. शाकाहारी घरात असं जमतं:

सकाळी ८ – ४० ग्रॅम मूगडाळ भिजवून, वाटून दोन मऊ धिरडी, बिनसाखरेचा चहा.
दुपारी १२.३० – एक भाकरी, ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण किंवा तेवढ्याच कडधान्याची उसळ, वाटीभर पालेभाजी, वाटीभर दही.
४.३० – मूठभर फुटाणे. दात नसतील तर फुटाण्याची पूड ताकात कालवून.
रात्री ७.३० – दोन फुलके, ३० ग्रॅम बेसनाचं पिठलं, दुधी किंवा दोडका.
झोपताना – लहान कप दूध.

प्रथिनांची बेरीज पन्नाशीच्या आसपास जाते, म्हणजे ५५ ला थोडी कमी. अंडं चालत असेल तर एका अंड्याचे ६ ग्रॅम वाढतात. मासे खाणाऱ्या घरी पिठल्याऐवजी मासा, पण तळलेला रोज नको.

कवळी असली की माणूस उसळ आणि कोशिंबीर बाजूला सारतो आणि मऊ भात कालवून खातो. उसळ कुकरमध्ये दोन शिट्ट्या जास्त देऊन रवीने थोडी घोटा, काकडी किसून दह्यात घाला. दलिया पेजेइतका पातळ शिजवू नका. नाचणीचं सत्त्वही पौष्टिक म्हणून रोज दिलं जातं. पण जितकं बारीक आणि जितकं शिजलेलं, तितकी साखर लवकर चढते.

उपवास हा वेगळाच घोळ. ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे जवळजवळ ४४ ग्रॅम कर्बोदकं, वर बटाटा, आणि त्याआधी सकाळभर पोट रिकामं. आजी ऐकत नसतील तर राजगिऱ्याची छोटी भाकरी, दही आणि दाणे द्या. वरीचा भात शेवटी भातच. गूळ आणि मध साखरेच्याच ओळीत बसतात. चहासोबतची चार मारी बिस्किटं जवळपास एका फुलक्याइतकी भरतात, आणि ती कुणी मोजतच नाही.

नवा पदार्थ दिला तर पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा. आकडा डोळ्यांनी दिसला की वादावादी कमी होते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण चुकवायचं नाही. ताप, उलट्या किंवा अन्नावरची वासना उडाली असेल त्या दिवशी डोस तसाच देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. साखर खाली गेल्याच्या घाम, थरथर आणि भूक या खुणा म्हातारपणी धड दिसत नाहीत. माणूस नुसता गोंधळतो, असंबद्ध बोलतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग थोडं खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलं आहे का, तेही आजच बघून ठेवा. असेल तर साधी साखर अंगी लागायला वेळ घेते. अशा घरात आकडा खाली गेल्यावर साखरेऐवजी द्यायला ग्लुकोज पावडरचा डबा हाताशी हवा.