रेड वाइनची द्राक्षे आणि नागपूरचे ऊन: ऑक्टोबर छाटणीआधी

काटोल, नरखेड, कळमेश्वर भागात संत्र्याच्या जोडीला वाइनची द्राक्षे लावायचा विचार असेल, तर पिनो न्वार ही जात लावू नका, कितीही नावाजलेली असली तरी.

ही वेल फ्रान्सच्या बर्गंडीतली. न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोत आणि अमेरिकेच्या ऑरेगनमध्येही ती रुजली, कारण तिथेही हवा थंड आहे. वाढीच्या हंगामात सरासरी तापमान १४ ते १६ अंश असले की ती उत्तम पिकते. साल पातळ, घड घट्ट, रंग मुळातच फिका. मणी सावकाश पिकतात, म्हणून आम्लता टिकते आणि वास भरतो. त्या वाइनची सारी किंमत यातच आहे. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी पारा २८-२९ अंशांवर जातो. उष्णतेत साखर झपाट्याने वाढते, आम्लता उतरते आणि ३५ अंशांपुढे सालीत रंगही नीट धरत नाही.

शिराझ किंवा काबर्ने सोविन्यो या रेड वाइनच्या जाती उष्णता जास्त सोसतात. ज्यांच्याकडे डॉगरिज खुंटावर (कलमासाठीच्या मूळ वेलीवर) बांधलेल्या अशा वेली आहेत, त्यांनी बर्गंडीकडून एकच गोष्ट घ्यावी: पिकण्याचा काळ थंडीत बसवणे. तारीख इथे फार महत्त्वाची. परतीचा पाऊस थांबून वाफसा (जमीन कामाजोगी ओलसर) आला की लगेच, शक्यतो १० ते २० ऑक्टोबरदरम्यान फळछाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची छाटणी, उरकावी. मग काढणी फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला येते. नोव्हेंबर उजाडला, तर मण्यात पाणी उतरण्याची, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागण्याची, वेळ थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी जाते. फार आधी छाटले तर कोवळ्या फुटीवर पाऊस आणि केवडा हा बुरशीजन्य रोग, दोन्ही येतात.

डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर एक-दोन दिवसांत हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतात, म्हणजे ते डोळ्यांवर लावतात. हे रसायन जहाल आहे. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. आणि पेस्टिंग करणाऱ्याने त्याच्या आगेमागे काही दिवस दारूचा थेंबही घेऊ नये, जिवावर बेतू शकते. मजुरांना हे स्वतः सांगा.

फूट निघाल्यावर उडद्याकडे (कोवळे डोळे खाणाऱ्या भुंगेऱ्याकडे) रोज सकाळी बघा. फेल, म्हणजे घड नसलेल्या नको त्या फुटी, काढा, पण पश्चिमेकडची पाने राखा. घडाजवळची पाने पूर्वेच्या बाजूनेच विरळ करा. सकाळचे ऊन भुरी (पांढरी बुरशी) कमी ठेवते, दुपारचे मणी भाजते. खायच्या द्राक्षासारखे मणी फुगवण्यासाठी घड जिबरेलिक आम्लात बुडवणे (डिपिंग) इथे नको. वाइनला मणी लहानच बरा, कारण रंग सालीत असतो. मण्यात पाणी उतरल्यावर पाणी बेताने द्या, संत्र्याच्या बहारासारखा कडक ताण मात्र देऊ नका. साखर २२ ते २४ ब्रिक्सवर (रसातली साखर मोजायचे माप) आली की पहाटे काढणी करा. फेब्रुवारी-मार्चची गारपीट विदर्भाला नवी नाही, तेव्हा गारपीट जाळीचा खर्च आधीच हिशेबात धरा.

नव्या लागवडीसाठी भारी काळी जमीन टाळा. मुरमाड, निचऱ्याची, हलकी ते मध्यम जमीन निवडा आणि अर्ध्या एकरापुढे जाऊ नका. खड्डे खणण्याआधी वाइनरीशी दर, ब्रिक्स आणि उचलीची तारीख यांचा लेखी करार हातात हवा. नाशिक इथून सहाशेहून अधिक किलोमीटर आहे आणि तोडलेली द्राक्षे उन्हात एक दिवसही थांबत नाहीत. थंड गाडीचे भाडे कोण देणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.