टीएलडीची गोळी घेताना या चुका टाळा

एचआयव्हीवरच्या उपचारासाठी एआरटी केंद्रातून मिळणाऱ्या टीएलडीच्या एका गोळीत तीन औषधं असतात: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. रोज एक, ठरल्या वेळी. उपाशीपोटी किंवा जेवून, दोन्ही चालतं. गोळी न चुकताही व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) वाढला, तर तिच्यासोबत पोटात आणखी काय जातं ते आधी तपासा.

अनेकदा सापडतं ते ॲसिडिटीचं गुलाबी-पांढरं पातळ औषध. लोक त्याला औषध मानतच नाहीत, म्हणून डॉक्टरांना सांगतही नाहीत. त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम आतड्यात डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं आणि ते रक्तात पुरेसं उतरत नाही. टीएलडी अशा औषधाच्या २ तास आधी घ्या, नाहीतर ६ तासांनंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम; पण भरपेट जेवणासोबत त्या आणि टीएलडी एकत्र चालतात. गरोदर बाईला कॅल्शियम आणि लोह रोज असतं, त्यामुळे तिला हे नीट समजावून सांगावं. ॲसिडिटीच्याच पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोलची मात्र अडचण नाही.

टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं की एक गोळी पुरत नाही. यकृत डोल्युटेग्राविर भराभर संपवतं. म्हणून १२ तासांनी ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी जोडतात, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावरही २ आठवडे चालू ठेवतात. टीबीचा कोर्स संपला त्याच दिवशी ती सोडणं ही नेहमीची चूक. फिटच्या काही औषधांचंही असंच आहे; कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल तर आधी सांगा. उलट मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा जाऊ नये.

सुरुवातीच्या महिन्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला रक्तातला आकडा) किंचित वाढलं तर घाबरून गोळी बंद करू नका. डोल्युटेग्राविर ते लघवीवाटे बाहेर टाकणं थोडं रोखतं, त्याने मूत्रपिंड बिघडत नाही. पण आकडा चढतच राहिला तर टेनोफोविरचा संशय घ्यावा लागतो, म्हणून तपासणी चुकवू नका.

झोप उडाली? गोळी सकाळी घ्या.

एखादी चुकली आणि पुढच्या वेळेला ४ तासांहून जास्त अवकाश असेल, तर आठवताच घ्या. कमी असेल तर सोडा. दोन एकदम नकोत.

सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) चांगला आला म्हणून स्वतःहून थांबणं सगळ्यात महागात पडतं. हिपॅटायटिस बी असलेल्यांना तर दुप्पट: टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन तोही विषाणू दाबून ठेवतात, आणि अचानक बंद केल्यावर यकृताला जोरात सूज येऊ शकते.