जुन्या बेसबॉल कार्डांचा बाजारभाव कसा काढायचा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला बेसबॉल कळो न कळो, बेसबॉल खेळाडूंची चित्रं छापलेली जुनी कार्डं कधीतरी समोर येतातच. घर घेतलं तर आधीच्या मालकाच्या ॲटिकमध्ये, नाहीतर एखाद्या इस्टेट सेलमध्ये बुटांच्या खोक्यात. मग कोणीतरी मोबाइलवर ईबे उघडतं, तसंच कार्ड चार हजार डॉलरला दिसतं आणि घरात आनंदीआनंद होतो. पण तो आकडा विकणाऱ्याने मागितलेला असतो. त्या भावाला ते कोणी घेतलं का, हे अजून बघायचंय.

पहिली पायरी: कार्ड नेमकं कोणतं?

कार्ड उलटं करा. कंपनी, वर्ष आणि कार्डाचा क्रमांक या तीन गोष्टी हव्यात. टॉप्स या कंपनीच्या अनेक जुन्या कार्डांवर वर्ष ठळक छापलेलं नसतं. मागे खेळाडूची आकडेवारी असेल तर शेवटचा हंगाम बघा आणि त्यात एक वर्ष मिळवा. बहुतेक वेळा तेच छपाईचं वर्ष. क्रमांक महत्त्वाचा, कारण एकाच संचात एकाच खेळाडूची अनेक कार्डं असू शकतात. गौडी कंपनीच्या १९३३च्या संचात बेब रूथ या खेळाडूची चार आहेत.

कार्ड १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातलं किंवा १९९०च्या सुरुवातीचं निघालं, तर फार वेळ घालवू नका. त्या काळात कार्डं इतकी भरमसाट छापली गेली की संग्राहक त्याला ‘जंक वॅक्स’चा काळ म्हणतात. गाजलेल्या खेळाडूंची अगदी निर्दोष कार्डं सोडली, तर बाकीच्यांना टपालखर्चाइतकेही पैसे येत नाहीत.

दुसरी पायरी: अस्सल की नंतरची छपाई?

आधी पट्टी घ्या. १९५२ ते १९५६ची टॉप्स कार्डं सुमारे २.६ बाय ३.७५ इंचांची होती, १९५७पासून २.५ बाय ३.५ हे माप रूढ झालं. टॉप्सने १९८३मध्ये १९५२चा संच पुन्हा छापला तो या छोट्या मापात, त्यामुळे ती पुनर्मुद्रणं पट्टीनेच ओळखू येतात. मग भिंग घ्या. अस्सल कार्डावर काळी अक्षरं आणि चौकटीच्या रेघा सहसा सलग शाईच्या दिसतात. कार्डाचा फोटो काढून नक्कल छापली असेल, तर अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनलेली दिसतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं म्हणून सांगितलेलं कार्ड अतिनील दिव्याखाली निळसर पांढरं चमकलं, तर संशय घ्या. कागद उजळवणारी ती रसायनं नंतर आली.

तिसरी पायरी: अवस्था

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण भाव मुख्यतः इथेच वरखाली होतो. १९५२च्या टॉप्स संचातलं मिकी मँटल या खेळाडूचं ३११ क्रमांकाचं कार्ड घ्या. पीएसए आणि एसजीसी या कंपन्या कार्ड तपासून त्याला दहापैकी श्रेणी देतात, म्हणजे ग्रेडिंग करतात, आणि ते प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. पीएसएने ९ श्रेणी दिलेलं एक जानेवारी २०२१मध्ये ५२ लाख डॉलरला गेलं. एसजीसीने ९.५ दिलेलं दुसरं ऑगस्ट २०२२मध्ये हेरिटेज या लिलावगृहाच्या लिलावात १ कोटी २६ लाखांना. मधल्या काळात बाजार हलला होता हे खरं, पण ती अर्धी श्रेणीही स्वस्त नव्हती. गंमत म्हणजे छपाईच्या तावावर मँटलचं कार्ड दोनदा होतं, म्हणजे त्याच मालिकेतल्या बहुतेक कार्डांपेक्षा ते जास्त छापलं गेलं. नुसत्या दुर्मीळपणाने भाव चढत नाही, मागणी लागते. त्याच संचातलं अँडी पाफ्कोचं कार्ड मात्र उलट्या वाटेने महाग झालं. ते क्रमांक १चं, गठ्ठ्यात सगळ्यात वर. मुलांच्या रबरबँडने आधी तेच कापलं, म्हणून चांगल्या अवस्थेतलं सापडत नाही.

चांगल्या उजेडात चार गोष्टी तपासा: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र चौकटीच्या मधोमध आहे का. कार्ड तिरकं धरलं की समोरून न दिसणारी बारीक चुणी दिसते. एवढ्या एका चुणीने श्रेणी धाडकन खाली येते. मागे पेनाने लिहिलेलं नाव, अल्बमचा गोंद, टेपचा डाग हेही मोजा. आणि कृपा करून काही पुसू, दाबू किंवा कापू नका. पीएसएने सगळ्यात आधी श्रेणी दिलेलं कार्ड म्हणजे टी२०६ या सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या जुन्या संचातलं, होनस वॅग्नर या खेळाडूचं प्रसिद्ध कार्ड. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३मध्ये दिली. ते कार्ड कीर्तीवर तरलं. तुमच्या कार्डाला ‘कापलेलं’ असा शेरा मिळाला तर ते तरणार नाही.

स्वतः श्रेणी ठरवताना मनात आलेल्या आकड्यापेक्षा एक-दोन खाली धरा. आपल्या कार्डाकडे सगळेच मायेने बघतात.

चौथी पायरी: झालेले सौदे शोधा

ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ची गाळणी लावा; तिथे साधारण गेल्या तीन महिन्यांतली विक्री दिसते. घासाघीस होऊन सौदा झाला असेल तर मूळ मागणीवर काट मारलेली असते आणि खरा आकडा दिसत नाही, त्या नोंदी धरू नका. जास्त मागचं बघायला पीएसएच्या संकेतस्थळावरच्या लिलावनोंदी आणि हेरिटेजचं जुन्या लिलावांचं दप्तर उपयोगी पडतं. तुलना त्याच श्रेणीशी आणि शक्यतो त्याच कंपनीशी करा. एसजीसीचं ७ आणि पीएसएचं ७ नेहमी एकाच भावाने जात नाही. चार-पाच सौदे मिळाले की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बाजूला ठेवा. उरलेल्यांचा पट्टा हाच तुमचा भाव. छापील दरपुस्तकं कार्डं ओळखायला चांगली, दर ठरवायला नाहीत.

त्या श्रेणीची किती कार्डं आहेत हे पीएसएच्या संख्यानोंदीत कळतं. पण वरची श्रेणी मिळेल या आशेने लोक तेच कार्ड डबीतून काढून पुन्हा पाठवतात, त्यामुळे तो आकडा फुगलेला असू शकतो.

पाचवी पायरी: ग्रेडिंग करायचं का?

कार्ड सुटं विकून येणारे पैसे आणि श्रेणी मिळाल्यावर येणारे पैसे यांतला फरक काढा. त्यातून ग्रेडिंगची फी, दोन्ही वेळचा विमा आणि टपाल वजा करा. काही उरत नसेल तर पाठवू नका. महागड्या कार्डांना मात्र पर्याय नाही. अस्सलपणाची खात्री नसलेल्या मँटलला कोणी पूर्ण भाव देत नाही.

शेवटी हातात येणारी रक्कम वेगळी मांडा. लिलावात जाहीर होणाऱ्या किमतीत खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेला अधिभार बहुधा धरलेला असतो, तो तुमचा नाही. ईबे कमिशन घेतं. दुकानदार लगेच रोख देतो, पण त्यालाही नफा ठेवून विकायचं असतं, त्यामुळे त्याचा भाव बराच खाली असतो. तो फसवतोच असं समजू नका. पण तुमचा पट्टा कागदावर लिहून नेलात, तर बोलणं त्या आकड्यापासून सुरू होईल.